दुसऱ्याच्या पाठीवरचा दंडुका

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीतून विहिरींवरचे तीन पंप चोरीस गेले. संशय गेला तो बागेत मजुरीला येणाऱ्या एका आदिवासी तरुणावर. पुरावा एवढाच, की तो गरीब होता आणि आदल्या संध्याकाळी विहिरीपाशी दिसला होता. वाडीने त्याचे नाव सांगितले, पोलिसांनी त्याला उचलले. तिसऱ्या दिवशी तो घरी परतला तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हता. पुढे पंप सापडले, चोर भलतेच निघाले. त्याच महिन्यात त्याच वाडीतील एका सुखवस्तू घरचा मुलगा मोटारसायकलने एका वृद्धेला धडक देऊन पळाला. त्याचे वडील रात्री माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. साहेबांना एक फोन करा."

मी फोन केला नाही. याचा मला अभिमान नाही. कारण त्या आदिवासी तरुणासाठीही मी फोन केला नव्हता. तो आत आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळले होते.

पोलिसांविषयी आपल्या घराघरांत दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. पहिले, 'शहाण्याने चौकीची पायरी चढू नये.' दुसरे, 'अशांना आत घेऊन चांगले फोडून काढले पाहिजे.' पहिले वाक्य आपल्या मुलांसाठी असते, दुसरे इतरांच्या. पोलीस भ्रष्ट आहेत म्हणून आपण नाके मुरडतो. पण आपल्याला हवा असतो तो दुसऱ्याच्या पाठीवरचा दंडुका आणि आपल्यासाठीचा वशिला. जसे गिऱ्हाईक तसा माल, असे म्हटले तर आपल्याला राग का यावा?

या दुखण्याचे मूळ जुने आहे, हे मान्य करू. 1857 च्या उठावानंतर इंग्रज सरकारने 1861 चा पोलीस कायदा केला, तो प्रजेच्या रक्षणासाठी नव्हे, प्रजेवर वचक ठेवण्यासाठी. 1871 च्या कायद्याने तर संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर पहाटे पडणारी धाड थांबली नाही. 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1981 पर्यंत आठ अहवाल दिले; ते धूळ खात पडले. 22 सप्टेंबर 2006 रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की अधिकाऱ्यांच्या बदल्या पुढाऱ्यांच्या लहरीवर नसाव्यात, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करावे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. आपल्या राज्याने 2014 साली कायद्यात दुरुस्ती केली. परंतु 'आपला माणूस' बसविण्याची पुढाऱ्यांची हौस कायद्याने थोडीच फिटते! आणि त्या पुढाऱ्यांना मते देणारे कोण? आपणच.

येथे कोणी विचारील, "फादर, धाक नसेल तर चोर मोकाट सुटणार नाहीत का?" आमच्या वाडीत काय घडले ते पाहा. निरपराध माणूस मार खात होता, तेवढे दिवस खरे चोर मोकळे होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे, तो उगाच नव्हे. काठीखाली माणूस काहीही कबूल करतो. मारहाणीने फाईल बंद होते, गुन्हा उलगडत नाही.

आणि ही काठी कोणाच्या पाठीवर थांबेल हे कोण सांगणार? जून 2020 मध्ये तमिळनाडूतील सातानकुलम येथे टाळेबंदीत दुकान वेळेपेक्षा अधिक उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पिता-पुत्रांना पकडण्यात आले. कोठडीतील मारहाणीनंतर दोघेही प्राणास मुकले. ते दरोडेखोर नव्हते. तुमच्याआमच्यासारखे दुकानदार होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फादर स्टॅन स्वामींना राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, खटला सुरू होण्यापूर्वीच त्यांनी कैदी म्हणूनच रुग्णालयात देह ठेवला. आपण मेणबत्त्या लावल्या, अश्रू ढाळले. परंतु झारखंडमध्ये कच्च्या कैदेत खितपत पडलेल्या ज्या आदिवासी तरुणांसाठी ते न्यायालयात गेले होते, तशाच एका तरुणाला आपल्या वाडीने पोलिसांच्या हवाली केले. मग ते अश्रू नेमके कोणासाठी होते?

काही धर्मनिष्ठ मंडळी रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात. अधिकार देवाने नेमलेला आहे, तेव्हा मुकाट्याने सोसावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्याच संत पौलाचे फिलिप्पैमधील वर्तन वाचावे. चौकशीविना फटके मारून त्याला व सीलाला तुरुंगात टाकले गेले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. आणि त्यांना यावे लागले. अधिकाराचा मान राखणे आणि अधिकाराला जाब विचारणे ह्या गोष्टी एकाच प्रेषिताने केल्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही आपल्याकडे आलेल्या शिपायांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच सांगितले.

तो शिपाईही माणूस आहे. नाताळच्या मध्यरात्री आपण मिस्सा ऐकत असतो तेव्हा फाटकाबाहेर थंडीत तो उभा असतो. त्याची दिवाळी, त्याचा गणपती बंदोबस्तातच जातो. त्याला आपल्यापैकी किती जणांनी चहा विचारला? आपली मुले शिक्षक होतात, परिचारिका होतात, बँकेत आणि आखातात जातात. पोलिसात किती जातात? जे घर आपण परके म्हणून टाळतो, ते घर आपले होणार कसे?

दुसरा मार्ग आहे. 1984 साली दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या; शिपाई आणि रहिवासी एका सतरंजीवर बसू लागले. डिसेंबर 1992 मध्ये आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्यूलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्यासारख्यांनी तेच काम हाती घेतले.

आपल्या धर्मग्रामानेही एवढे करावे. कोणालाही अटक झाली, तो आपल्या चर्चचा असो वा नसो, तर दोन जाणत्या व्यक्तींनी ठाण्यावर जावे. अटकेचा पंचनामा झाला का, नातेवाइकांना कळविले का, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले का, हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. डी. के. बसू खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले हे नियम आणि घटनेचे बाविसावे कलम कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदविणे बंधनकारक आहे, असा 2013 चा निकाल आहे. तेव्हा तक्रार लेखी द्यावी आणि प्रत मागावी. आणि वशिल्याचा फोन कोणी करू नये. धर्मगुरूकडे तर मुळीच मागू नये.

त्या तरुणाच्या झोपडीत वाडीतील कोणीही अद्याप गेलेले नाही. तो आता आमच्या बागांत कामाला येत नाही. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी त्याची क्षमा मागायला जाणार आहे. त्याचे नाव ज्यांनी सांगितले त्यांनी माझ्याबरोबर यावे.