खेळातील सेनापती
एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले. मित्रांनी जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून खेळावयाच्या लढाईचे ते नियमपुस्तक. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध बरे, असे त्यात आग्रहाने प्रतिपादिले आहे. परंतु एका लढाईची हकीकत सांगता सांगता लेखकच एकाएकी विजयी सेनापती होतो आणि त्याची भाषा उद्दाम बनते. हा विनोद खराच. पण युद्धविरोधी लेखणीलाही ती भाषा किती सहज साधते, हे त्यातून उघड होते. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्धवर्णन बखरीतील असो वा खेळातील, कोण जिंकले याआधी कोण बोलत आहे, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.