सागवानी दारांची कैफियत

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण निबंधात लिहितो आणि घरी जाऊन जुन्या दारावर चॉकलेटी ऑइलपेंटचा आणखी एक हात मारतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या गावांतून फिरताना वाड्यांची दारे जरा निरखून पाहावीत. कोठे गणेशपट्टीवरचा गणपती रंगाच्या थरांखाली बुजलेला, कोठे कवाडांच्या जागी लोखंडी पत्रा, तर कोठे नुसती चौकट उभी. कवाडे शहरातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने केव्हाच नेलेली. ज्यांना दार जपायचे आहे, पण जपण्याच्या नावाखाली जे त्यावर रंग थापतात, त्यांच्यासाठी हा लेखप्रपंच.

मी सुताराची मुलगी. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. रंधा माझ्या हाती कुणी दिला नाही. परंतु वडिलांनी दुरुस्तीला आणलेली दारे घासण्याचे काम आई आणि मी वर्षानुवर्षे करीत आलो. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

ऑइलपेंट बाहेरच्या दाराला का नको? लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. रंगाचा कडक पापुद्रा लाकडाबरोबर ताणला जात नाही, म्हणून त्याला चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत शिरते आणि उरलेल्या रंगामुळे ते लवकर बाहेर पडत नाही. वरून दार चकचकीत दिसते, पण उंबरठ्याजवळची खालची कड आतून भुसभुशीत झालेली असते. ही कड म्हणजे लाकडाचा आडवा छेद. ती सर्वांत जास्त पाणी पिते, आणि नेमका तिलाच कुणी रंगही लावीत नाही, तेलही नाही!

काम नीट करायचे तर कवाडे आधी उतरवावीत. जुनी कवाडे बिजागरीवर नसून वर-खाली काढलेल्या खुंटांवर फिरतात. त्यांना पहारीने झोडपू नये, उचलून काढावे. कडी, कोयंडा, पट्ट्या काढताना खडूने खुणा कराव्यात. रंग काचेच्या धारदार तुकड्याने खरवडावा, कोरीव कामात बारीक पटाशी चालवावी आणि मग पॉलिशपेपर रेषांच्या दिशेने फिरवावा. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो, पण सागवान काळे पडते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव फार. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कायद्याची कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. म्हणून पाणी लावूनच घासावे, तोंडाला फडके बांधावे आणि ती खरवड लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

लाकूड पुरते वाळले की जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे आपले बेलतेल, द्यावे. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे तो खोल मुरतो. पुढचे दोन हात दाट, पण प्रत्येक वेळी वर राहिलेले तेल पुसून घ्यावे. शेंगदाण्याचे तेल चालणार नाही. ते वाळत नाही आणि त्यावर धूळ बसते. लाखेचे पॉलिश घरातल्या कपाटाला शोभते. बाहेर पाणी लागताच ते पांढरे पडते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात. यानंतर दरवर्षी मृगापूर्वी तेलाचा एक हात पुरे.

याने दार किती टिकते, असे कुणी विचारील. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात दोनशे वर्षे टिकणारे लाकूड आपल्या कोरड्या माळावर का टिकू नये? आणि दूर कशाला जावे? तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तेथील लामतुरे संग्रहालयात शेकडो वर्षांनंतरही पाहता येते. निगा राखली तर लाकूड पिढ्या ओलांडते.

“भूकंपानंतर लाकडी घरांचे नाव काढू नये,” असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे दुःख मी जाणते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात हजारो माणसे गाडली गेली. परंतु ती गाडली गेली जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याखाली. अनेक घरांच्या भिंती ढासळल्या, तरी खणांचे लाकडी खांब उभेच राहिले होते. मग अपराध दगडमातीचा आणि शिक्षा लाकडाला, हा कोठला न्याय?

ज्याला नवे घर बांधायचे आहे त्याने खुशाल लोखंडी दार बसवावे; सागवान आज गरिबाच्या आवाक्यात नाही. माझे म्हणणे आहे ते असलेल्या दारांविषयी. आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळाचे दार विकून शटर बसवण्याचे घाटत आहे. त्या दाराची फक्त खालची फळी कुजली आहे. तेवढी बदलून दार वाचते, असे वडील सांगतात. त्यावर, “दुरुस्तीला एवढी मजुरी?” असा प्रश्न येतो. नव्या शटरच्या किमतीला घासाघीस होत नाही, जुन्या दारावर वाकलेल्या माणसाच्या मजुरीला मात्र होते. अशाने दारे जातीलच, पण ती दुरुस्त करणारे हातही जातील. माझा भाऊ आजच म्हणतो, “ह्या धंद्यात काय ठेवलंय?” आणि मला त्याला उत्तर देता येत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर भरते. रस्ते झाडण्याबरोबर एका गावातली चार जुनी दारे आपण हाती घ्यावीत. खरवडणे, घासणे आणि तेलाचे पहिले हात एवढे सात दिवसांत सहज होईल. गावच्या सुताराला मार्गदर्शक म्हणून बोलवावे आणि त्याला पाहुण्या वक्त्याइतकेच मानधन द्यावे. पदवीधर होऊ घातलेल्या आपल्या हातांना त्यामुळे कमीपणा येणार नाही. उलट हातात काय असते, हे आपल्याला कळेल.