नारळाच्या पाण्याचा डाग

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उल्हासनगरातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या गाळ्यात डोकावून बघा. लेथच्या चकला झेंडूची माळ, गिअर बॉक्सवर हळदकुंकवाची बोटं, आणि बेडवर तपकिरी थेंबांची एक रांग. नारळाचं पाणी जिथं सांडलं, तिथला हा गंज. आदल्या दिवशी पोरांनी डिझेल लावून मशीन घासलेलं असतं, कोरड्या फडक्यानं लख्ख केलेलं असतं. म्हणजे वर्षभर जो काही तेलाचा थर होता तोही गेला, आणि त्या उघड्या बिडावर आपण क्षार असलेलं पाणी शिंपडलं. वर दोन दिवस सुट्टी. गंजाला आणखी काय पाहिजे?

पूजेला माझा विरोध नाही. मीही खंडेनवमीला हत्यारं पुजतो. फक्त नारळ शेडबाहेर फोडतो, कुंकू हेडस्टॉकच्या रंगवलेल्या भागाला लावतो आणि रात्री बेडवरून तेलाचा हात फिरवल्याशिवाय झोपत नाही.

अंबरनाथच्या एका टूलरूममध्ये चौतीस वर्षं टर्नर होतो. आता बदलापूर पश्चिमेला घरामागं पत्र्याची शेड आहे. तिच्यात साडेचार फुटी जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि ग्राइंडर. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिलाहारांचं शिवमंदिर आठवतं, ते बरोबरच आहे. पण मशीन बनवणारी मशीनं तयार करायला सरकारनं मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी काढली ती याच गावात. इथल्या दोन पिढ्यांनी लोखंडावर घर चालवलं. त्या गावात आज मशीन पुसणं हे हेल्परचं काम समजलं जातं, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

आमच्या वेळी पाळी सुटायच्या पंधरा मिनिटं आधी कटिंग बंद. आधी ब्रशनं किस खाली ओढायचा, मग चिंधीनं कूलंट टिपायचं, मग तेल. चार्जमन साहेब फेरी मारायचे. चकचकीत चककडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ टेलस्टॉकचा बोल्ट सैल करून तो फूटभर सरकवायचे आणि त्याच्याखाली बोट फिरवायचे. गंज लपून बसतो तो तिथं. टेलस्टॉक आठवडाभर कुणी हलवत नाही, सोल्युबल ऑइलचं दुधी पाणी त्याच्याखाली शिरतं, आणि पाणी उडून गेलं तरी ओल आणि चिकटा राहतोच. आमच्यातल्या एकाच्या हाताचा घाम असा खारट, की सकाळी धरलेल्या मायक्रोमीटरवर दुसऱ्या दिवशी त्याचा अंगठा उमटलेला असायचा. साहेबांनी त्याला स्लिप गेजच्या पेटीला हात लावायची बंदी केली होती. कामाला तो आमच्यात सगळ्यात सरस, पण बंदी म्हणजे बंदी.

आता शेजारचा एक मुलगा गाळ्यात पीस रेटवर काम करतो. त्याला पुसण्याबद्दल बोललो तर म्हणाला, "काका, पुसत बसलो तर चार पीस कमी निघतात. ते कोण देणार?" मला उत्तर सुचलं नाही, कारण हिशेब त्याचा बरोबर होता. रोजची दहा मिनिटं, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे सव्वाचार तासांच्या वर. ते मालक मोजत नाही. मग पोरगं काय करतं, कॉम्प्रेसरची हवा मारतं. हवेनं मशीन वरून स्वच्छ दिसतं, पण बारीक किस सॅडलच्या वायपरखाली घुसतो आणि पुढं वर्षभर बेड खरवडत राहतो. वर चोपडायला गाडीतून काढलेलं काळं ऑइल, फुकट मिळतं म्हणून. त्यात काजळी असते, इंजिनात तयार झालेलं आम्ल असतं. अडुसष्ट नंबरचं स्लाइडवे ऑइल बेडला चिकटून राहतं, पण ते विकत आणावं लागतं. शेवटी बेड ग्राइंडिंगला पाठवायची वेळ येते तेव्हा मशीन कित्येक दिवस बंद, आणि तो खर्च मालक निमूट सोसतो. माझं म्हणणं इतकंच, की पुसायची दहा मिनिटं पीसच्या दरात धरा.

चिंधीवरून आठवलं. उल्हासनगरात जीन्सच्या कातरणाची पोती स्वस्त मिळतात. घेऊ नका. एखादा रिव्हेट किंवा चेनचा दात त्यात राहतो आणि बेडवर रेघ ओढतो. होजियरीचं जुनं कापड बरं.

घरी काम करणाऱ्यांच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या सगळ्या मी केल्यात. एका जूनमध्ये लेथला प्लास्टिक गुंडाळून, दोरीनं आवळून गावी गेलो. महिन्यानं परत येऊन प्लास्टिक काढलं तर बेड चहात बुडवल्यासारखा. बीड रात्री गार होतं आणि सकाळी हवा तापली तरी तासन्‌तास गारच राहतं. दमट हवा त्याला लागली की दव पडतं, माठाला बाहेरून पाझर दिसतो तसं. प्लास्टिकखाली ते दव सुकायला वाटच नाही. आता जुनी सुती चादर टाकतो आणि खाली साठ वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवतो, कापडापासून लांब, जाळीच्या पिंजऱ्यात. मशीन भोवतालच्या हवेपेक्षा दोन अंश जरी गरम राहिलं तरी दव धरत नाही. एलईडीचा यासाठी उपयोग नाही, तो पुरेसा तापतच नाही. पिवळे बल्ब शोधायला मात्र चार दुकानं फिरावी लागतात.

दुसरी चूक बाकाखालच्या बाटलीची. संडास-फरशी धुवायचं ॲसिड हिनं तिथं ठेवलं होतं, झाकण किंचित सैल. आठ दिवसांत ड्रिलचे बिट, व्हर्नियर, सगळ्यांवर लाल बुरशी आल्यासारखं झालं. पाऊस नव्हता, मार्च चालू होता. त्या ॲसिडची वाफच लोखंड खाते. बाटली आता न्हाणीघरात असते, आणि तो विषय घरात निघत नाही.

आणि 27 जुलै 2019. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढले, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. उल्हास नदीचं तेच पाणी माझ्या शेडमध्ये बेडच्या वर हातभर होतं. उतरल्यावर शेजारी म्हणाले, मोटर चालू करून बघा. तसं केलं असतं तर वायंडिंग जळलंच असतं. आधी नळाच्या पाण्यानं गाळ धुतला, कारण सुकलेला गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. मग डिझेल, मग तेल. हेडस्टॉकमधून ताकासारखं पांढरं ऑइल निघालं. मोटर वायंडिंगवाल्याकडे नेली तर तिथं आधीच रांग. गल्लीत ब्लीचिंग पावडर टाकली होती, ती पायांबरोबर शेडमध्ये आली. दोन दिवस मी झाडू घेऊनच फिरत होतो, कारण तिच्यातला क्लोरीनही लोखंडाला सोडत नाही. एवढं करूनही चकजवळ बेडवर मोहरीएवढे सातआठ खड्डे राहिले. मी ते घासले नाहीत. घासायला गेलो असतो तर बेडची पातळीच गेली असती.

तो शेजारचा मुलगा रविवारी स्वतःचं किरकोळ काम करायला माझ्याकडे येतो. शेडचा नियम एकच, जाण्यापूर्वी टेलस्टॉक सरकवायचा. परवा खाली पुसून, तेल लावून तो उठला आणि हात पुसता पुसता म्हणाला, "काका, हे मला काय सांगता, आमच्या मालकाला सांगा ना." त्याचा मालक हा पेपर घेतो, म्हणून इथं लिहिलं.