गोड वाईन म्हणजे सुक्या मेव्याचा रस नव्हे!

"डॉक्टर, दारूला मी हातही लावत नाही. जेवणानंतर थोडी गोड वाईन, एवढंच." मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय: "त्यात मध, अंजीर, जर्दाळू असतात ना!"

नसतात. बाटलीवर मध, जर्दाळू, संत्र्याची साल, मनुका, अक्रोड असं जे लिहिलेलं असतं ते स्वादाचं वर्णन असतं, घटकांची यादी नव्हे. फ्रान्समधल्या सोतर्नमध्ये आणि हंगेरीतल्या तोकायमध्ये द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी मुद्दाम चढू देतात. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर दाट होते आणि तो मध-जर्दाळूचा सुगंध तयार होतो. या वाईनमध्ये सोटोलॉन नावाचं एक संयुगही असतं. मेथीच्या दाण्यांना त्यांचा खास वास देतं तेच हे संयुग. म्हणून काय ही वाईन प्यायल्यावर मेथीसारखी साखर उतरेल म्हणायचं? मेथीच्या वासावर भाबडेपणाने विश्वास ठेवणार नाही, तर मधाच्या वासावर का ठेवता?

चव सुरेख असते, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप त्या चवीआड काय दडतं, याला आहे. तोकाय असूमध्ये नियमानेच लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर लागते. म्हणजे १०० मिलीच्या ग्लासात तीन चमचे. चहात अर्धा चमचा साखर घालताना बायकोकडे चोरून बघणारा माणूस हे तीन चमचे सहज पिऊन टाकतो, कारण वाईनचा आंबटपणा गोडी झाकतो.

आणि अल्कोहोल? पोर्तुगालच्या पोर्टमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाचं तीव्र मद्य ओततात. त्याने यीस्ट मरतं, साखर तशीच उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. अशा ७५ मिलीच्या छोट्या ग्लासात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल होतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण १० ग्रॅम असतं. व्हिस्की घशाला जाळते म्हणून माणूस जपून पितो. पोर्ट सरबतासारखी उतरते म्हणून दुसरा ग्लास भरतो. यकृताला मात्र ग्लासाचा आकार कळत नाही, फक्त ग्रॅम कळतात.

मधुमेह्यांनी पुढचं नीट वाचावं. गोड वाईनने आधी साखर वाढते, पण अल्कोहोल पचवण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर तयार करायचं थांबवतं. तुम्ही ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेत असाल, तर काही तासांनी, बहुधा झोपेत, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही तिची लक्षणं. घरच्यांना वाटतं चढली आहे, आणि ते झोपू देतात. मला सर्वांत भीती याच गैरसमजाची वाटते.

"पण वाईन हृदयाला चांगली!" असं म्हणत असाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. त्यांच्याच कर्करोग संशोधन संस्थेने ते १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवलंय. २०२२ मध्ये आपल्याकडे सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याच्या निर्णयावर वाद पेटला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य फार गाजलं. वाईनमधलं इथेनॉल आणि देशीमधलं इथेनॉल एकच आहे. नाशिकच्या उशिरा खुडलेल्या द्राक्षांची असो की गोव्याहून आणलेली पोर्ट, रेणू तोच.

साखर किती, हे बाटलीवर बहुधा सापडत नाही. तेव्हा पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा "थोडी" म्हणू नका. किती मिली, आठवड्यातून किती वेळा, रात्रीची गोळी कोणती, हे लिहून आणा. आणि जोडीदारालाही सोबत घेऊन या.