भुईआवळी आणि रक्ताची तपासणी



पाऊस पडला की बांधावर भुईआवळी आपोआप उगवते. बेळगावकडचे आपले कानडी शेजारी तिला नेलनेल्ली म्हणतात. घरात कावीळ शिरली की वडीलधारी माणसे ती मुळासकट वाटून ताकातून देतात, आणि रोगी बरा झाला की श्रेय तिलाच मिळते.

हे श्रेय शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिले आहे. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शोधणारे नोबेल विजेते ब्लुमबर्ग आणि मद्रासचे डॉक्टर यांनी भुईआवळीवर एकत्र काम केले. तिचा अर्क विषाणूची वाढ रोखतो, असे 1987 साली प्रयोगशाळेत दिसले. 1988 साली मद्रासच्या प्रयोगात हा विषाणू अंगात असलेल्या 37 जणांना महिनाभर भुईआवळी दिली, तेव्हा 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. ज्यांना खोटे औषध दिले त्या 23 जणांत एकाचीच गेली. मोठी आशा वाटली. परंतु पुढे थायलंड व न्यूझीलंडमध्ये प्रयोग झाले, तेव्हा तसा गुण आला नाही.

मग आपल्या घरी गुण कसा येतो? कावीळ हा एकच रोग नव्हे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग औषध कोणतेही असो. मात्र गरोदर बाईला तीही जिवावर बेतू शकते. हिपॅटायटिस बी रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला होते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी ती वर्षानुवर्षे लपून राहून यकृत पोखरते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, भुईआवळीची थट्टा करू नये, पण तिच्या भरवशावर घरीही बसू नये. आधी रक्त तपासावे. सरकारच्या 2018 सालच्या योजनेत ही तपासणी व औषधे मोफत आहेत. गावठी औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आणि बाळ जन्मले की चोवीस तासांत लस टोचून घ्या. तान्हेपणी हा विषाणू शिरला तर दहातल्या नऊ बाळांच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो. ते राखण्याचे काम बांधावरची भुईआवळी करणार नाही. ते आईबापांनीच करायचे आहे.