निद्राचाचणी आणि मूल

मूल घोरते म्हणजे ते गाढ झोपते, ही समजूत घरोघरी आढळते. वस्तुतः वाढलेल्या टॉन्सिलांमुळे त्याचा श्वास अडत असण्याचा संभव असतो. तो तपासण्यासाठी रुग्णालयात रात्रभर निद्राचाचणी करतात. डोक्याला तारा, छातीपोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा; सुई मात्र नाही. पण हे मुलाला आधी सांगतो कोण? घाबरून त्याने तारा उपटल्या की चाचणी पुन्हा करणे आले, आणि सोबत राहणाऱ्या बापाची रोजंदारीही पुन्हा बुडते. हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही. उलट, बाहुलीला दोरे चिकटवून दाखविण्यास पैसा लागत नाही. त्या दिवशी केसांना तेल नको, तारा चिकटत नाहीत (आजीची समजूत घालावी लागेल!), चहाही नको. नेहमीची गोधडी बरोबर असावी. रुग्णालयांनीही तारीख देतानाच ती खोली मुलाला दाखवावी.