पडदे दोन, माणसे पाच

वाचकहो, हा प्रसंग आपल्याही घरी घडला असेल. जेवणे आटोपून आजी मालिका पाहावयास बसतात, तोच सूचना उमटते : एका वेळी दोनच पडदे. दोन्ही नातवंडांनी अडविलेले! वर्गणी सूनबाईंच्या पगारातून जाते. परंतु त्यांची वेळ रात्री अकरानंतर, आणि तोवर त्या पेंगुळलेल्या असतात. कोणी तक्रार करीत नाही, हेच अधिक वाईट.

20 जुलै 2023 रोजी नेटफ्लिक्सने भारतातही खाते एकाच घरापुरते केले. मग वसतिगृहातील मुलगा घरचा की बाहेरचा? नियमाने बाहेरचा, आईला हे कसे पटावे?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने शनिवारची रात्र एकत्र पाहण्यासाठी राखली आहे. पहिली निवड सूनबाईंची. आजी मात्र अद्याप रुसलेल्या आहेत.